क्रीडावीर जिम थॉर्प

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ओहायो राज्यात कँटन नावाचे एक औद्योगिक गाव आहे. व्यावसायिक फुटबॉलमध्ये ज्यांनी असामान्य पराक्रम गाजविला, अशा खेळाडूंचे एक स्मारक या गावी १९६३ साली उभारण्यात आले. स्मारकात प्रवेश करणाऱ्या प्रेक्षकाच्या दृष्टीस प्रथम पडतो तो एक भव्य ब्राँझचा पुतळा. काखेत चेंडू घट्ट दाबून, अंग किंचित पुढे झुकवून धावणाऱ्या एका बलदंड पुरुषाची ती आकृती आहे. तो पुरुष म्हणजे जिम थॉर्प. पहिल्याच वर्षी ज्या सतरा जणांना या स्मारकात स्थान देण्यात आले, त्यांत त्याचे नाव होते. परंतु हा गौरव पाहण्यास तो जिवंत नव्हता. त्याला जाऊन दहा वर्षे लोटली होती.

ज्या फुटबॉलमुळे थॉर्पचे नाव झाले, तो आपल्या शाळेच्या पटांगणावर खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. त्या खेळातील चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असून तो पायापेक्षा हातानेच अधिक नेला जातो. शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर ठराविक अंतराने पांढऱ्या रेषा आखलेल्या असतात. पूर्वी आडव्या रेषांच्या जोडीला उभ्या रेषाही आखीत, त्यामुळे सारे मैदान लोखंडी जाळीसारखे दिसे. म्हणून त्यास ग्रिडआयर्न हे नाव पडले. अकरा गड्यांचा संघ चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या अंत्यरेषेकडे मुसंडी मारतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले तर चेंडू त्याच्याकडेच राहतो, नाहीतर तो प्रतिपक्षाच्या हाती जातो. चेंडू घेऊन धावणाऱ्यास अडवून जमिनीवर लोळविणे हे बचाव करणाऱ्यांचे काम. हुतूतूत चढाई करणाऱ्यास जसे कवळ घालून धरतात तसाच हा प्रकार, मात्र त्याहून पुष्कळ दांडगाईचा. अंत्यरेषेपलीकडे चेंडू नेला म्हणजे टचडाउन होतो आणि तो सर्वांत मोलाचा. त्यास १९१२ पासून सहा गुण मिळू लागले. दोन उंच खांबांमधून, आडव्या दांडीवरून चेंडू लाथेने उडविला तर त्यास फील्ड गोल म्हणतात, आणि त्याचे तीन गुण. थॉर्पच्या काळी आजच्यासारखी चढाईची फळी निराळी व बचावाची निराळी अशी व्यवस्था नव्हती. तेच अकरा गडी सामना संपेपर्यंत धावत, अडवीत व लाथा मारीत. अंगरक्षणाला चामड्याची एखादी टोपी असली तर असली.

जिम थॉर्पचा जन्म १८८७ च्या मे महिन्यात, इंडियन टेरिटरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात झाला. हाच प्रदेश पुढे १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्यात समाविष्ट झाला. कोलंबस हिंदुस्थानच्या शोधात निघाला आणि अमेरिकेच्या किनाऱ्यास लागला. तेथील मूळ रहिवाशांस त्याने इंडियन म्हटले, आणि ती चूक त्या लोकांच्या माथी कायमची बसली. थॉर्प हा त्यांपैकी सॅक अँड फॉक्स या जमातीचा. त्याचा पिता हायरम याच्या अंगात आयरिश व सॅक अँड फॉक्स असे दुहेरी रक्त होते; माता शार्लट हिच्या घराण्यात पोटॅवाटोमी जमातीचा व फ्रेंचांचा संकर झालेला होता. ख्रिस्ती धर्माप्रमाणे बालकाचे नाव जेकोबस फ्रान्सिस्कस असे ठेवण्यात आले, परंतु जमातीच्या भाषेत त्याला वा-थो-हक म्हणत. विजेच्या लखलखाटाने उजळलेली वाट, असा काहीसा त्या नावाचा अर्थ होतो.

जिम चार वर्षांचा असताना, १८९१ च्या सप्टेंबरात, सरकारने त्याच्या जमातीची जमीन बाहेरच्या वसाहतवाल्यांना खुली केली. ठरलेल्या वेळी इशारा होताच हजारो गोरे लोक घोड्यांवरून व गाड्यांतून त्या माळरानावर तुटून पडले आणि ज्याने जेथे खुंटी ठोकली ती जमीन त्याची झाली. जमातीच्या लोकांना तुकड्यातुकड्यांनी शेते वाटून देण्यात आली होती, तेवढी काय ती उरली. अशा एका शेतावर, नदीकाठच्या रानात, शिकार करीत व घोडी पकडीत जिमचे बालपण गेले. त्याला चार्ली नावाचा जुळा भाऊ होता. दोघांचे सारे काही एकत्र चाले. दोघे जेमतेम नऊ वर्षांचे होतात न होतात तोच चार्ली न्यूमोनियाने दगावला. त्यानंतर जिमचे मन शाळेत रमेना. तो वारंवार शाळेतून पळून घरी येई. अखेर बापाने त्यास दूर कॅन्सस राज्यातील हॅस्केल या इंडियन मुलांच्या निवासी शाळेत धाडले. तेथेही तो फार काळ टिकला नाही. मध्यंतरी आईचे छत्र हरपले. १९०४ साली तो पेन्सिल्व्हानियातील कार्लाइल येथील शाळेत दाखल झाला आणि त्याच सुमारास बापही वारला.

कार्लाइलच्या या शाळेविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तिच्यावाचून थॉर्पचे चरित्र समजणार नाही. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये सैन्याच्या जुन्या बराकींत ती स्थापन केली. इंडियन मुलांमधील इंडियनपणा समूळ नाहीसा करून त्यांना गोऱ्यांसारखे बनवावे, हा तिचा उघड उद्देश होता. शेकडो कोस अंतरावरून आणलेल्या मुलांचे केस प्रथम कापून टाकीत, त्यांचे पोशाख काढून लष्करी थाटाचे कपडे चढवीत व मातृभाषेत बोलण्यास मज्जाव करीत. अर्धा दिवस शिक्षण आणि अर्धा दिवस सुतारकाम, शिवणकाम, धुलाई असा क्रम असे. आऊटिंग या नावाखाली विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या घरी व शेतांवर मजुरीस धाडण्याची चाल होती. थॉर्पनेही अशी मजुरी केली. कित्येक मुले क्षयाने व अन्य रोगांनी तेथेच मरण पावली आणि शाळेच्या आवारातच पुरली गेली. मुलांची भाषा हिरावून घेणाऱ्या संस्थेस शाळा हे नाव शोभत नाही. तथापि याच संस्थेने आपल्या फुटबॉल संघाच्या बळावर हार्वर्ड व पेन्सिल्व्हानिया यांसारख्या बड्या विद्यापीठांना मैदानात लोळविले, हेही खरे. तेथील मुले अंगाने बहुधा लहानखुरी असत. म्हणून वेग, चलाखी आणि नवनव्या युक्त्या यांवर त्यांचा भर असे. चेंडू हाताने पुढे फेकण्यास १९०६ साली परवानगी मिळताच त्या युक्तीचा प्रभावी उपयोग करणाऱ्या पहिल्या संघांत कार्लाइलचा संघ होता. पुढे इंग्रजीतील नामवंत कवयित्री म्हणून गाजलेल्या मेरिअन मूर या तरुणपणी या शाळेत शिक्षिका होत्या आणि थॉर्प त्यांच्या वर्गात बसे, ही गोष्ट साहित्याची आवड असणाऱ्यांना कौतुकाची वाटेल.

थॉर्पच्या अंगचे गुण उघडकीस आले ते अगदी योगायोगाने. १९०७ च्या वसंत ऋतूत एके दिवशी तो मैदानावरून चालला असता काही विद्यार्थी उंच उडीचा सराव करीत होते. पाच फूट नऊ इंचांवर लावलेली दांडी कोणालाच ओलांडता येईना. कामाचे जाडेभरडे कपडे अंगावर असतानाच थॉर्पने ती दांडी सहज पार केली आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. ही वार्ता शाळेचे क्रीडाशिक्षक ग्लेन वॉर्नर यांच्या कानी गेली. त्यांनी त्यास तत्काळ बोलावून घेतले व मैदानी खेळांच्या चमूत दाखल केले. फुटबॉल मात्र ते त्यास खेळू देईनात. असा गुणी धावपटू हातपाय मोडून बसला तर काय घ्या, ही त्यांची भीती. थॉर्पचा हट्ट पुरविण्यासाठी एकदा त्यांनी त्याच्या हाती चेंडू दिला आणि साऱ्या संघाला त्यास अडविण्याचा सराव करण्यास सांगितले. थॉर्प त्या सर्वांमधून पार निघून गेला. पुन्हा चेंडू दिला, पुन्हा तेच झाले. त्यानंतर त्यास नाही म्हणण्याचे कारण उरले नाही.

१९०९ आणि १९१० या दोन वर्षी उन्हाळ्याच्या दिवसांत थॉर्प नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॉकी माउंट या गावच्या संघातून बेसबॉल खेळला. त्याबद्दल त्यास पोटापुरते वेतन मिळे. त्या काळी महाविद्यालयांतील कित्येक खेळाडू सुटीत असे खेळून चार डॉलर मिळवीत, परंतु ते खोटी नावे धारण करीत. थॉर्पने स्वतःच्याच नावाने खेळ केला. ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. तिचे परिणाम पुढे यावयाचे आहेत.

१९११ मध्ये तो कार्लाइलला परतला. त्या वर्षी हार्वर्डविरुद्धच्या सामन्यात त्याचा पाय दुखावलेला होता व त्यास पट्ट्या बांधलेल्या होत्या. तशाही स्थितीत त्याने चार फील्ड गोल केले आणि कार्लाइलने तो सामना १८ विरुद्ध १५ अशा गुणांनी जिंकला. अठरांपैकी बारा गुण थॉर्पच्या दुखऱ्या पायाचे होते.

१९१२ साली स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे ऑलिंपिक सामने भरले. अमेरिकेच्या चमूत कार्लाइलचे दोन विद्यार्थी होते. एक थॉर्प आणि दुसरा होपी जमातीचा लुई टेवानिमा, ज्याने दहा हजार मीटरच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. थॉर्प पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन, म्हणजे पंचस्पर्धा व दशस्पर्धा, अशा दोन्हींत उतरला होता. धावणे, उड्या मारणे व फेकणे या सर्वांची कसोटी पाहणाऱ्या या स्पर्धा. पंचस्पर्धेतील लांब उडी, दोनशे मीटर धावणे, थाळीफेक आणि पंधराशे मीटर धावणे या चारही बाबींत तो पहिला आला. केवळ भालाफेकीत तिसरा. मधल्या काळात तो उंच उडीत चौथा आणि लांब उडीत सातवा आला. नंतर तीन दिवस चाललेल्या दशस्पर्धेत, कोणी त्याचे बूट लांबविल्यामुळे, इकडूनतिकडून मिळविलेले विजोड बूट घालून तो उतरला असे सांगतात. त्या वेळच्या एका छायाचित्रात त्याच्या पायांत खरोखरच दोन निरनिराळे बूट व मोजे दिसतात. दहाही बाबींत तो पहिल्या चौघांत होता आणि चारांत प्रथम होता. तत्कालीन पद्धतीने त्याचे ८,४१२ गुण झाले. दुसरा आलेला स्वीडनचा ह्यूगो व्हिसलँडर हा जवळजवळ सातशे गुणांनी मागे पडला होता. स्वीडनचे राजे पाचवे गुस्ताव यांनी पारितोषिके देताना जगातील सर्वश्रेष्ठ क्रीडापटू म्हणून त्याचा गौरव केला. न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून त्याची मिरवणूक निघाली, आणि उंच इमारतींच्या खिडक्यांतून त्याच्यावर कागदाच्या फितींचा वर्षाव झाला. ज्या देशाकरिता त्याने हा विजय मिळविला, त्या देशाने आपल्या सर्व इंडियन रहिवाशांना नागरिकत्व दिले ते यानंतर बारा वर्षांनी, १९२४ मध्ये.

त्याच वर्षी ९ नोव्हेंबर रोजी कार्लाइलचा संघ वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाशी खेळला. या सामन्याला निव्वळ खेळापलीकडचा अर्थ होता. वूंडेड नी येथे अमेरिकेच्या सैन्याने लाकोटा जमातीच्या स्त्रीपुरुषांची व मुलांची कत्तल केली, त्यास तेव्हा बावीसच वर्षे झाली होती. एका बाजूस त्या सैन्याचे भावी अधिकारी, तर दुसऱ्या बाजूस जिंकल्या गेलेल्या जमातींची मुले. कार्लाइलने २७ विरुद्ध ६ अशा गुणांनी सैन्याचा पराभव केला. थॉर्पला रोखण्याचा आटोकाट प्रयत्न करणाऱ्या कॅडेटांत ड्वाइट आयसेनहॉवर नावाचा एक तरुण होता. तो पुढे दुसऱ्या महायुद्धात सेनापती व नंतर अमेरिकेचा अध्यक्ष झाला, आणि थॉर्पच्या खेळाचे वर्णन तो उतारवयातही करीत असे.

जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका वृत्तपत्राने थॉर्पच्या रॉकी माउंटच्या बेसबॉलची हकीकत छापली. ऑलिंपिक सामन्यांत केवळ हौशी खेळाडूंनाच भाग घेता येई. खेळाबद्दल ज्याने कधीही पैसा घेतला असेल तो व्यावसायिक, आणि व्यावसायिकास ऑलिंपिकची दारे बंद. हा नियम वरपांगी उदात्त दिसला, तरी ज्यांना पोटाची विवंचना नव्हती अशा वर्गाने तो केलेला होता. थॉर्पने आपण पैसे घेतल्याचे पत्राने कबूल केले आणि आपण एक अडाणी इंडियन शाळकरी मुलगा होतो, इतर मुले खोटी नावे घेऊन असे करतात ते आपणांस जमले नाही, असे विनविले. अमेरिकेच्या हौशी क्रीडासंघाने त्याची विनवणी ऐकली नाही. त्याची पदके व पारितोषिके परत पाठविण्यात आली, आणि विजेत्यांच्या नामावलीतून त्याचे नाव खोडले गेले. वॉर्नर यांनी आपणांस यातील काहीच ठाऊक नव्हते असे दर्शविले; परंतु आपला सर्वोत्तम खेळाडू दोन उन्हाळे कोठे होता हे त्यांना माहीत नसावे, यावर कित्येक चरित्रकारांचा विश्वास बसत नाही, आणि तो बसण्याजोगाही नाही. वस्तुतः सामन्यांच्या नियमावलीप्रमाणे कोणत्याही खेळाडूविरुद्धची तक्रार सामने संपल्यापासून तीस दिवसांच्या आत करावयास हवी होती. येथे सहा महिने उलटून गेले होते. पण हा नियम त्या वेळी कोणी उघडून पाहिला नाही, अथवा पाहूनही बोलला नाही.

हौशी म्हणून खेळण्याचा मार्ग बंद झाल्यावर थॉर्पने सरळ व्यवसाय पत्करला. न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाशी त्याने करार केला, आणि १९१३ ते १९१९ या काळात तो निरनिराळ्या संघांतून २८९ मोठे सामने खेळला. बेसबॉलमध्ये तो मध्यम प्रतीचाच राहिला. त्याचा खरा प्रांत फुटबॉल हाच होता.

त्या काळी व्यावसायिक फुटबॉलला प्रतिष्ठा नव्हती. महाविद्यालयीन सामन्यांना हजारोंची गर्दी लोटे, पण ओहायोतील गिरणगावांत रविवारी चालणारे पैशाचे सामने सभ्य लोक तुच्छ मानीत. खेळाडू आज या संघात तर पुढील आठवड्यास त्या संघात खेळत. १९१५ मध्ये कँटन बुलडॉग्स या संघाचे व्यवस्थापक जॅक कुसाक यांनी थॉर्पला दर सामन्यास २५० डॉलर देऊ केले. मित्रांनी कुसाक यांस वेड्यात काढले. परंतु ज्या मैदानावर एरवी हजार-बाराशे प्रेक्षक जमत, तेथे थॉर्पचे नाव ऐकून हजारोंनी लोक येऊ लागले.

शेजारच्या मॅसिलन गावच्या संघाशी कँटनचे हाडवैर होते. त्या वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या सामन्यात थॉर्पने दोन फील्ड गोल करून कँटनला सहा गुणांची आघाडी मिळवून दिली. गर्दी इतकी उसळली होती की लोक अंत्यरेषेपलीकडच्या मोकळ्या जागेतही उभे राहिले. अगदी शेवटच्या क्षणांत मॅसिलनचा एक गडी चेंडू घेऊन त्या गर्दीत घुसला. आणि टचडाउन झाला असे वाटत असतानाच त्याच्या हातून चेंडू निसटून कँटनच्या खेळाडूच्या हाती पडला. पितळी गुंड्यांचा गणवेश घातलेल्या एका पोलिसाने आपल्या हातातील चेंडूला लाथ मारली, अशी मॅसिलनच्या गड्याची तक्रार होती. वास्तविक कँटनच्या पोलिसांना तेव्हा गणवेशच नव्हता! पंचांनी निकाल लिफाफ्यात बंद करून ठेवला आणि तो मध्यरात्रीनंतर एका हॉटेलात वाचला गेला. कँटनचा विजय कायम राहिला. कित्येक वर्षांनी कुसाक यांना कळले की ती लाथ ट्रामगाडीवरील एका नोकराची होती, आणि त्याने कँटनवर तीस डॉलरांची पैज लावली होती. व्यावसायिक फुटबॉलची त्या वेळची अवस्था अशी होती.

या अव्यवस्थेतूनच एखादी मध्यवर्ती संस्था असावी ही कल्पना पुढे आली. १७ सप्टेंबर १९२० रोजी कँटनमधील राल्फ हे यांच्या मोटारी विकण्याच्या दुकानात निरनिराळ्या संघांचे चालक एकत्र जमले. खुर्च्या पुरेना म्हणून काही जण मोटारींच्या पायफळ्यांवर बसले. तेथे व्यावसायिक फुटबॉल संघांची संघटना स्थापन झाली आणि अध्यक्ष म्हणून थॉर्पची निवड झाली. हिशेब, पत्रव्यवहार अथवा कायदेकानू यांचे ज्ञान त्यास फारसे नव्हते. संस्थेस लोकांच्या तोंडी असलेले एक नाव हवे होते, आणि असे नाव एकच होते. पुढल्या वर्षी जो कार या कुशल व्यवस्थापकाकडे अध्यक्षपद गेले. १९२२ मध्ये या संघटनेने नॅशनल फुटबॉल लीग हे नाव धारण केले. आज कोट्यवधी लोक ज्या लीगचे सामने पाहतात, ती हीच.

१९२२ व १९२३ या दोन हंगामांत थॉर्पने एका विलक्षण संघाचे नेतृत्व केले. ओहायोतील लारू या चिमुकल्या खेड्यात वॉल्टर लिंगो नावाचा एक कुत्र्यांचा व्यापारी होता. एअरडेल जातीच्या आपल्या कुत्र्यांची जाहिरात व्हावी म्हणून त्याने ऊरँग इंडियन्स हा संघ काढला, ज्यातील सर्व खेळाडू इंडियन होते. मध्यंतरात इतर संघांचे खेळाडू विश्रांती घेत. या संघातील खेळाडूंना मात्र पिसांचे मुकुट चढवून नाचावे लागे आणि कुत्र्यांचे खेळ करून दाखवावे लागत. प्रेक्षक सामन्यापेक्षा हा तमाशा पाहण्यासच अधिक येत. दोन वर्षांत या संघाने लीगमधील अवघे चार सामने जिंकले. पण त्या निमित्ताने कार्लाइलचे जुने सोबती एकत्र राहिले, एकाच पंगतीला जेवले आणि वेतन घेऊन खेळले. ती शाळा १९१८ मध्येच बंद झालेली होती.

थॉर्पची उमेद आता उतरणीस लागली होती. त्याचा लहानगा मुलगा १९१८ मध्ये वारला, तो घाव त्याच्या मनावरून कधी पुसला गेला नाही. मद्याने त्याच्यावर पकड घेतली. वर्षागणिक संघ बदलत तो क्लीव्हलँड, रॉक आयलंड, न्यूयॉर्क, पुन्हा कँटन असा फिरत राहिला. १९२८ मध्ये शिकागो कार्डिनल्सकडून तो अखेरचा सामना खेळला तेव्हा त्याचे वय एक्केचाळीस होते. लीग स्थापन झाली तेव्हाच तो तेहतीस वर्षांचा होता. त्यामुळे लीगच्या आकडेवारीत त्याच्या नावावरील ५२ सामने पाहून त्याच्या ऐन भरातील खेळाची कल्पना येत नाही.

यानंतर जागतिक मंदीचा काळ आला. एकदा राजाच्या हातून पारितोषिक घेतलेला हा पुरुष लॉस एंजलिस येथे कुदळफावडे घेऊन रोजंदारीवर खड्डे खणीत होता. चित्रपटांत तो किरकोळ कामे करी. पडद्यावरचे इंडियन बहुधा त्याने उभे राहावयाचे आणि गोऱ्या नायकाच्या गोळीने पडावयाचे. १९३२ साली त्याच शहरात ऑलिंपिक सामने भरले, आणि तिकिटास पैसे नसलेल्या या माजी विजेत्याची हकीकत वृत्तपत्रांतून झळकली. त्याला स्टेडियममध्ये जागा देण्यात आली, आणि तो आल्याचे कळताच प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या. सामन्यांचे उद्घाटन करणारे अमेरिकेचे उपाध्यक्ष चार्ल्स कर्टिस हे स्वतः कॉ जमातीच्या रक्ताचे होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, साठीकडे झुकलेला असताना, थॉर्पने व्यापारी जहाजावर नोकरी धरली. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने क्रीडावार्ताहरांचा कौल घेतला, तेव्हा शतकाच्या पूर्वार्धातील सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू आणि सर्वश्रेष्ठ क्रीडापटू अशा दोन्ही स्थानी त्याचीच निवड झाली. पुढील वर्षी त्याच्या जीवनावर चित्रपट निघाला. त्यात बर्ट लँकेस्टर या नटाने त्याची भूमिका केली. त्याच वर्षी ओठाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेसाठी तो रुग्णालयात दाखल झाला, तेव्हा खर्चास पैसा नव्हता. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियातील लोमिटा येथे हृदयविकाराने त्याचा अंत झाला.

पदकांचा वाद त्याच्या मरणाने मिटला नाही. मुलांनी व चाहत्यांनी तो नेटाने चालविला. १९१२ च्या सामन्यांची नियमावली एका अभ्यासक दांपत्याने वॉशिंग्टनच्या ग्रंथालयातून शोधून काढली, आणि तीस दिवसांचा तो विसरलेला नियम पुढे आला. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने आपला निर्णय फिरविला, आणि जानेवारी १९८३ मध्ये पदकांच्या प्रतिकृती थॉर्पच्या मुलांच्या हवाली केल्या. मूळ पदके संग्रहालयांतून पूर्वीच चोरीस गेली होती. मात्र नामावलीत थॉर्पला एकट्यास नव्हे, तर पूर्वी दुसऱ्या आलेल्यांच्या जोडीने विजेता म्हटले गेले. हा अर्धा न्याय आणखी चाळीस वर्षे टिकला. जुलै २०२२ मध्ये समितीने दोन्ही स्पर्धांत तो एकटाच विजेता असल्याचे जाहीर केले. त्या वेळी व्हिसलँडरच्या वंशजांनी कळविले की, आपल्या पूर्वजाने स्वतःकडे आलेले ते सुवर्णपदक कधी आपले मानलेच नाही. खरा विजेता थॉर्प, असेच तो शेवटपर्यंत म्हणत राहिला.

थॉर्पचा देह मात्र जन्मभूमीत विसावला नाही. ओक्लाहोमात जमातीच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी चालू असताना त्याच्या तिसऱ्या पत्नीने शव तेथून हलविले. पेन्सिल्व्हानियातील मॉक चंक व ईस्ट मॉक चंक ही दोन गावे कोळशाचा धंदा बसल्यामुळे डबघाईस आली होती. थॉर्पचे स्मारक झाले तर प्रवासी येतील या आशेने त्यांनी तिच्याशी करार केला, १९५४ मध्ये दोन्ही गावे एक झाली आणि त्यांनी जिम थॉर्प हेच नाव घेतले. वडिलांचा देह ओक्लाहोमात परत न्यावा म्हणून मुलांनी २०१० मध्ये दावा लावला. ते प्रथम जिंकले, पण अपिलात हरले. आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे ऐकण्यास नकार दिला. त्या गावाच्या बाहेर तांबूस संगमरवराच्या थडग्याखाली थॉर्प आजही आहे. थडग्याच्या तळाशी ओक्लाहोमातून आणलेली माती टाकलेली आहे, आणि स्टॉकहोमच्या स्टेडियमवरचीही.